म्हैस खोकतीय

नमुन्याची डबी तपासून झाली की ठरलेल्या पिशवीत टाकायची, पिशवी न्यायला गाडी येते, विषय संपला. किस्स्यांना अशी गाडी नाही. ते साठतच जातात. दुपारच्या चहाला कुणीतरी म्हणतं, "अगं, ते एप्रनचं सांग ना," की एकातून दुसरा निघतो आणि चहा गार होतो.

मी उज्ज्वला शिंदे. पाथर्डीकडच्या एका ग्रामीण रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहे. बारा वर्षं लोकांचे बेडके तपासतेय. जेवता जेवता वाचत असाल तर माफ करा, पण आमच्यात ह्या गोष्टी जेवतानाच निघतात. आमचं टोळकं तिघींचं. एक डॉक्टर मॅडम, मुंबईच्या, मराठी सगळं पुस्तकातलं. दुसरी मंदाताई, आशा कार्यकर्ती, तिच्या वस्त्यांवरच्या प्रत्येक गरोदर बाईची तारीख तिला तोंडपाठ. आणि तिसरी मी, तोंडानं जरा फटकळ.

मागच्या थंडीपासून आमचे सगळे किस्से फिरून फिरून एकाच बाईपाशी येतात. सविता. वय चोवीस, सातवा महिना. पहिल्या खेपेलाही असाच सातवा चालू असताना तिला ताप आला होता. तो अंगावर काढला, बाळ दिवस भरायच्या आत झालं आणि राहिलं नाही. म्हणून ह्या खेपेला मंदाताईनं मॅडमना आधीच बजावलं होतं, "मॅडम, हिचं लेकरू हातात आल्याबिगर मी दम घेनार न्हाई."

तिच्याकडे येतेच. पण आधी दोन किस्से सांगितल्याशिवाय तिचा किस्सा कळायचा नाही.

*

पहिला माझ्या आडनावाचा. गावात टीबी तपासणीचा कॅम्प लागला की मी दिवसभर घसा फोडून सांगत असते, "थुंकी नको, बेडका पाहिजे. बेडका." थुंकी आणि बेडक्यातला फरक कळण्यात आमच्या अर्ध्या तालुक्याची हयात चालली आहे.

मागं एकदा लग्नाची पत्रिका आली. कोपऱ्यांना हळद-कुंकू, वर सुंदर अक्षरात नाव, "सौ. उज्ज्वलाताई बेडके, सहकुटुंब सहपरिवार."

नवऱ्यानं ती दोनदा वाचली आणि म्हणाला, "मी येऊ ना? मी शिंदे आहे."

*

दुसरा डबीचा. एका गरोदर बाईचा खोकला तीन आठवडे हटत नव्हता. मी डबी दिली, समजावलं, सकाळी उठल्यावर चूळ भर, खोल खोक आणि आण. दुसऱ्या दिवशी डबी आली ती काठोकाठ. असा नमुना बघायला मिळत नाही हो. मी खूश होऊन विचारलं, "एवढा कसा काय निघाला गं?"

"माजा कुठं? ह्यांचा हाय. माजा निघंना, ह्यांचा लई निघतो."

मी कपाळावर हात मारला. "अगं बाई, तपासायचंय तुला!"

"एकाच घरातला हाय की ताई."

खरं तर डबी फेकायला हवी होती. पण मला राहवेना, म्हटलं बघू तरी. नवरा टीबीचा पॉझिटिव्ह निघाला. त्याला बोलावून घेतलं, रीतसर नमुने घेतले, सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. बायकोला सगळं नीट तपासलं, ती निगेटिव्ह. आता बाजारात भेटली की चार बायकांत सांगते, "म्या तवाच बराब्बर आनला हुता, ताईच वरडत हुत्या."

*

आता सविता.

दिवाळीनंतर आमच्याकडे फ्लूची साथ आली, घरटी दोघं-तिघं आडवी. मंदाताई सविताच्या घरी गेली तेव्हा ओट्यावर सासरे खोकत होते. त्यांना सगळा गाव आबा म्हणतो. आत सासू खोकत होती, त्या आक्का. नवरा दुधाचा टेम्पो घेऊन खोकतच कामावर गेला होता.

"आन सविता?" मंदाताईनं विचारलं.

"तिला दोन दिवस कसकस हुती, उतरली," आक्का म्हणाल्या. "खोकला न्हाई बाई तिला. आवाज बी न्हाई पोरीचा."

तेवढ्यात मागच्या गोठ्यातून खोकल्याचा आवाज आला. खोल, दाबलेला.

आबा म्हणाले, "म्हैस खोकतीय. चार दिस झालं. डाक्टर आनला, बाटली पाजली, तरी फरक न्हाई."

मंदाताई शेतकऱ्याची लेक. म्हणाली, "आबा, म्हैस खोकून झाल्यावर 'आई गं' म्हनती व्हय?" आणि तडक गोठ्यात गेली. म्हैस कडबा चघळत निवांत उभी. तिच्यामागे सविता, तोंडात पदराचा बोळा, अंगात ताप, एका हातानं बरगडी दाबून धरलेली. उतरलेला ताप थंडी वाजून पुन्हा चढला होता आणि तो तिनं कुणाला सांगितला नव्हता.

सासऱ्यांसमोर सुनेनं खोकायचं नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवायची गरजच नसते. चार दिवस खोकल्याची उबळ आली की ती गोठ्यात पळत होती आणि तिच्या खोकल्याची बाटली म्हैस पीत होती.

मंदाताईनं बोटाला ऑक्सिमीटर लावला. एक्क्याण्णव. पोटुशी बाई पंच्याण्णवच्या खाली गेली की दवाखान्यात हलवायचीच. तिनं कुणाची परवानगी घेतली नाही, गाडी बोलावली. निघताना आबांना एवढंच म्हणाली, "म्हशीची बाटली बंद करा."

*

मॅडमनी छाती तपासली आणि त्यांचं तोंड उतरलं. उजवीकडे खाली न्यूमोनिया. माझ्या रिपोर्टची वाट न बघता त्यांनी फ्लूच्या गोळ्या, अँटिबायोटिकचं इंजेक्शन, ऑक्सिजन सगळं सुरू केलं आणि तिला डाव्या कुशीवर झोपवलं. नगरला फोन करून बेड सांगून ठेवला. ऑक्सिजनवर तगली तर इथेच, आकडा घसरला तर लगेच तिकडे. गाडी दारातच उभी ठेवली.

मग बाहेर येऊन आबांना सांगू लागल्या, "विषाणुसंसर्गामुळे श्वसनमार्गाचं आवरण क्षतिग्रस्त होतं, त्यामुळे जिवाणूंचा दुय्यम प्रादुर्भाव होतो. गर्भावस्थेत फुफ्फुसांना जागाही अपुरी पडते."

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मास्कच्या आतून म्हणाले, "म्हंजी आदी रानडुक्कर येतं, कुंपन मोडतं, आन मंग त्या भगदाडातनं शेजाऱ्याची ढोरं आत शिरत्यात. आसंच का?"

मॅडम म्हणाल्या, "हो. असंच."

"मंग हाका की ढोरं. हितं काय बोलत हुब्या ऱ्हायल्या?"

मॅडम हसल्या नाहीत, आत गेल्या. पण पुढे नगरच्या एका ट्रेनिंगला त्यांना बोलायला उभं केलं तेव्हा पडद्यावर काय काय आकृत्या लावल्या होत्या, त्या सोडून त्यांनी सुरुवात केली, "आधी रानडुक्कर येतं." अख्ख्या हॉलनं वहीत लिहून घेतलं.

*

एप्रनचं राहिलंच. छातीचा एक्स-रे काढायचा ठरला, तर आक्का दारात आडव्या. "पोटातल्या लेकराचा फोटू काढायचा न्हाई. पयल्या बारीला काय झालं ते आमालाच ठावं."

ह्यात चेष्टा करण्यासारखं काही नव्हतं. मॅडमनी त्यांना शिशाचा एप्रन दाखवला. हा पोटावर ठेवतो, किरण खाली जात नाहीत, बाळाला धोका नाही. आक्कांनी तो उचलून बघितला. "एवढं वज्जं? पोरीला पेलायचं न्हाई." म्हणून मॅडमनी तो त्यांनाच घातला, कमरेला नीट बांधला. "बघा, पेलतंय ना?"

आक्का पेलून बघायला कॉरिडॉरमध्ये गेल्या. चकरा मारल्या. परत आल्या, मान डोलावली, एक्स-रे निघाला, पण तो दुसऱ्या एप्रनवर निघाला. कारण आक्का पहिला काढून देईनात. पुढचा अर्धा तास त्या बाकावर एप्रन घालून बसल्या होत्या.

मी मागायला गेले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या वो जरा. कमरंला लई बरं वाटतंय."

*

हसतो आम्ही आता. तेव्हा हसत नव्हतो. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आकडा पुढे सरकेना. चौऱ्याण्णव, त्र्याण्णव, पुन्हा चौऱ्याण्णव, तेही ऑक्सिजनवर. मॅडम म्हणाल्या, "औषध योग्य आहे असं मला वाटतं. पण ही खोकतच नाहीये. कफ आतच साचतोय. उज्ज्वला, मला नमुनाही हवाय, नेमकं कोण शिरलंय ते कळू दे. दुपारपर्यंत बघते, नाही तर नगरला हलवते."

मी डबी घेऊन तिच्या कॉटपाशी गेले. "सविता, खोक." मान हलवली. उबळ यायची, डोळ्यांत पाणी यायचं आणि ती ओठ दाबून गिळून टाकायची. पडदा ओढला तरी तेच. शेवटी मी कान तिच्या तोंडाशी नेला.

"मामा भाईर बसल्यात," ती म्हणाली. मामा म्हणजे सासरे, आबा. पार्टिशनच्या पलीकडे बाकावर.

मी आबांना चहाला पाठवलं. पाच मिनिटांत परत हजर. "पोरीला आसं सोडून मला चा जात न्हाई," म्हणाले. आता ह्या माणसावर चिडायचं तरी कसं?

मी सविताशेजारी बसले. आमच्याकडे घरातला थोरला पुरुष बाहेरून आला की उंबऱ्यापाशी खाकरतो. आतल्या बायका समजतात, पदर सावरतात, वाट देतात. आबांचं खाकरणं तर वेशीपर्यंत ओळखीचं. मी हळूच विचारलं, "तुझे मामा घरात शिरताना काय करतात गं?"

"खाकरत्यात."

"कसं?"

आल्यापासून पहिल्यांदा ती हसली. मास्कमध्येच, पण डोळ्यांत दिसलं.

"करून दाखव ना. मला नाही जमत."

सुनांना सासऱ्याची नक्कल येत नाही असं मला कुणी सांगू नये. तिनं छाती भरून श्वास घेतला आणि असं काही खाकरली म्हणता, की खिडकीतलं कबूतर उडालं. हुबेहूब आबा. त्यामागोमाग खोकला सुटला तो थांबेना, आणि मी डबी पुढे धरली.

पार्टिशनला मध्ये फट आहे, तिथून मला बाहेरचं बाक दिसत होतं. खाकरणं ऐकताच आक्का ताडकन उभ्या राहिल्या, डोक्यावर पदर घेतला, भिंतीला सरकून वाट दिली. मग त्यांची नजर शेजारी गेली. आबा तिथेच बसलेले, तोंडावर मास्क, हातात चहाचा कप.

आक्का म्हणाल्या, "तुमी हितं, मंग आत कोन आलं?"

*

नमुना विटकरी रंगाचा, घट्ट, अगदी पुस्तकात असतो तसा. मी काच तयार केली, रंग दिला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. जांभळे ठिपके, दोन-दोन, जोडीजोडीनं चाललेले. न्यूमोनियाचे जुने ओळखीचे जंतू, मॅडमनी सुरू केलेल्या इंजेक्शननं मरणारे. बारा वर्षांत मी कॉरिडॉरमधून पळाले नव्हते, त्या दिवशी पळाले. मला इतका आनंद झाला होता की मॅडमना मिठीच मारली, हातमोजे काढून.

"औषध बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "आता फक्त हिला खोकू दे."

तिथेच घोडं अडलेलं. नक्कल एकदा जमते. दर तासाला कशी जमणार? मग माझं डोकं फिरलं. मी बाहेर जाऊन आबांसमोर उभी राहिले. "आबा, तुमच्या घरात म्हशीनं खोकलेलं चालतं. तिला डॉक्टर येतो, बाटली येते. सुनेनं खोकलेलं चालत नाही. ती तुमच्या भीतीनं कफ गिळतेय, आणि त्यात तुमचं नातवंड जायचं."

बोलून गेल्यावर वाटलं, जरा जास्तच झालं. आबा जमिनीकडे बघतच बोलले.

"म्या कवा म्हन्लो, खोकू नगं म्हनून?" आवाज बारीक झाला होता. "चार दिस म्हशीपाशी हुबा ऱ्हायलो वो मी. आन पोरगी तिच्यामागं हुती."

मी त्यांच्याशेजारी बाकावर बसले.

आबा उठले. टोपी नीट केली, वॉर्डच्या दाराशी गेले आणि आत न बघताच मोठ्यानं म्हणाले, "सविता, मी हितं हाय. मी खाकरतो. माज्या मागनं तू खाकरायचं. माज्यापरीस मोठ्यानं."

आणि खाकरले.

आक्का पदर धरून उभ्या. मंदाताई गावातून नुकतीच आली होती, ती दारातच थबकली. मग आतून, आधी बारीक आणि मग चांगलं दणकून उत्तर आलं.

पुढचे तीन दिवस आमच्या वॉर्डात हाच सवाल-जवाब. दर तासाला बाहेरून आबा, आतून सविता. शेजारच्या कॉटवरच्या बाया मोजायच्या. कुणी नवीन पेशंट दचकली की जुनी सांगायची, "काय न्हाई, सासरा-सून बोलत्यात."

चौऱ्याण्णवचे पंच्याण्णव झाले, मग सत्त्याण्णव. चौथ्या दिवशी सकाळी मॅडमनी ऑक्सिजन बंद करून पाहिला. अर्धा तास आम्ही तिघी त्या आकड्याकडे डोळे लावून. सत्त्याण्णव तो सत्त्याण्णव. मॅडमनी पोटावर मशीन ठेवलं, बाळाचे ठोके टपाटपा ऐकू आले, आणि मंदाताई भर वॉर्डात ढसाढसा रडली. बाहेर उभी ठेवलेली गाडी दुसऱ्याच पेशंटसाठी गेली.

*

घरी सोडल्यानंतरचा किस्सा मंदाताईनं आणलेला. ती भेटीला गेली होती, आबा ओट्यावर सुतळी वळत होते. मागच्या गोठ्यातून खोकल्याचा आवाज आला.

आबा सुतळी टाकून उठले, अंगणातल्या चुलीवरचं गरम पाण्याचं पातेलं धोतराच्या सोग्यानं धरलं आणि गोठ्याकडे धावले. "वाफ घे, आदी वाफ घे पोरी!"

स्वयंपाकघरातून सविताचा आवाज आला, "मामा, म्या हितं हाय. ती म्हैसच हाय."

*

त्यानंतर आबांनी नादच घेतला. फ्लूची लस आली की मंदाताईच्या आधी तेच गरोदर बायांच्या घरी हजर. पुढच्या ग्रामसभेत रस्त्याचा विषय चालू असताना उभे राहिले. कुणीतरी म्हणालं, "आबा, तुमचा विषय काय?"

"कुंपन," आबा म्हणाले.

"शेताचं?"

"सुनंचं. डुक्कर यायच्या आदी घालायचं आसतं. उद्या दवाखान्यात इंजेक्शन हाय, ज्याच्या घरात पोटुशी पोरगी हाय त्यानं तिला घेऊन यायचं. आन जी खोकल, तिला कोन काय बोल्लं तर माज्याशी गाठ हाय."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात रांग लागली. रांगेत सुना पुढे आणि सासरे मागे, असं दृश्य मी तरी आधी बघितलं नव्हतं. मंदाताई दिवसभर कॉलर ताठ करून फिरत होती. साडीला कॉलर नसते, तरी.

*

सविताचे दिवस पूर्ण भरले. आमच्याच दवाखान्यात बाळंत झाली, मुलगी, वजनाला छान. जन्मल्या जन्मल्या अशी रडली की लॅबमध्ये मला ऐकू गेलं. मी धावत गेले तर आबा दाराबाहेर उभे, डोळे पुसत.

"आवाज माज्यावं गेलाय," म्हणाले.

*

बारशाची पत्रिका आली. नाव अर्थातच, "बेडके मॅडम." ह्या खेपेला नवरा म्हणाला, "मी पण बेडके. मी येणारच."

डॉक्टर मॅडम, मंदाताई, मी आणि माझा नवरा असे चौघं पोचलो तेव्हा ओटा पुरुषांनी गच्च भरला होता. पाय पसरून, तक्क्याला टेकून, गप्पा रंगलेल्या. मधोमध आबा. आम्ही अंगणात उभे, कुणाचं लक्ष नाही. आत बायकांची गडबड ऐकू येत होती.

सविताला आम्ही दिसलो. लेकीला कडेवर घेऊन ती आम्हाला घ्यायला उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. पुढे सगळे बाप्ये बसलेले. घराला मागूनही वाट आहे, गोठ्यातून. तिनं एकदा तिकडे पाहिलं.

मग ती खाकरली.

ओटा एकदम गप्प झाला. कुणीतरी सवयीनं पाय आवरत म्हणालं, "आबा आलं, आबा आलं." मग सगळ्यांनी आबांकडे बघितलं. ते त्यांच्यातच बसले होते.

आबांनी आपले पाय जवळ घेतले. टोपी सरळ केली.

"सरका रं," ते म्हणाले. "सूनबाई भाईर येतीय."